समजुतीची बाटली

९ मे

आज रेडिओवर कुलगुरूंचं निवेदन दोनदा ऐकलं. पहिल्यांदा काही निसटलं की काय, म्हणून दुसऱ्यांदा. काही निसटलं नव्हतं. "सरोवरानं आपली चार लेकरं नेली. ईश्वराच्या इच्छेपुढे न्सुआनो विद्यापीठ नतमस्तक आहे." संपलं. लगेच दात घासायच्या पेस्टची जाहिरात.

समाज-आरोग्याच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांची पहिली तुकडी सरोवरापलीकडच्या गावांत कामाला निघाली होती. धरणात बुडालेलं जंगल पाण्याखाली अजून उभं आहे आणि पाणी उतरलं की त्याची खोडं होडीच्या तळाला लागतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भरलेली होडी एका खोडावर चढली आणि नाकाशी फाटली. कुणाच्याही अंगात तरंगायचं जाकीट नव्हतं. तिघं सापडली. दुफी नावाची मुलगी अजून सापडलेली नाही. आणि आमच्या कुलगुरूंना ह्यातला जबाबदार इसम सापडला तो थेट आभाळात.

मी ह्या विद्यापीठाचा पदवीधर आहे. शाळा अर्ध्यात सुटली, अक्षरं रंगवायला कुणी शिकवलं नाही, दुसऱ्यांच्या पाट्या बघून शिकलो, आता पाट्या रंगवतो म्हणून गाव मला मास्टर म्हणतं. चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली. विद्यापीठाच्या फाटकावरची अक्षरं माझ्या हातची आहेत, आणि त्यांतलं एकही अजून उडालेलं नाही. तेव्हा लाज वाटायचा हक्क मला इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे.

जेवताना तेच बोललो. "कोठीत जाकिटांचे गठ्ठे पडून आहेत. आमच्या माजी विद्यार्थी संघानं दिलेली. एकेकावर मी स्वतः पिवळ्या रंगात संघाचं नाव काढलंय. आणि ती सुपूर्द करायच्या सोहळ्याला कुलगुरूंना तारीख मिळत नाही. ह्याला कारभार म्हणायचं."

माझी बायको सेरवा माशाचा काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि सोहळ्याआधी कुणी हात लावायचा नाही, असं कोठीवाल्याला कोण बजावून आलं होतं?"

"तो मुद्दा वेगळा आहे."

"वेगळाच असणार. तुमचा आहे ना."

तो मुद्दा खरोखरच वेगळा आहे. गेल्या वर्षी संघानं जनित्र दिलं, ते आमच्या माघारी सुरू केलं आणि वर पाटी लावली कुलगुरूंच्या नावाची. तीही तिरकी. दिलेली वस्तू रीतसर हातात द्यावी, घेणाऱ्यानं रीतसर घ्यावी, एवढंच माझं म्हणणं होतं. रीत पाळणाऱ्याचा दोष नसतो, रीत लांबवणाऱ्याचा असतो.

आमची मान्सा जेवली नाही. ती दुसऱ्या तुकडीत आहे म्हणून आज माझ्यासमोर बसली होती. दुफी तिच्याच खोलीत राहायची. मी म्हटलं, बांकूचा एक घास तरी घे. ती म्हणाली, "बाबा, तिची उशी अजून तिथंच आहे."

१२ मे

संघाची सभा झाली. मी उभा राहिलो आणि सरळ म्हणालो: बाहेरच्या माणसांकडून चौकशी व्हावी, आणि ती होईपर्यंत दुसरी तुकडी पाण्यावर जाऊ नये. टाळ्या पडल्या. आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, हळूच म्हणाले, "डान्सो, पाण्यात राहून माशाशी वैर." मी म्हटलं, डॉक्टर, मी पाण्यात नाही, काठावर आहे, म्हणून तर बोलतोय. लोक हसले.

संध्याकाळी स्थानिक रेडिओनं मला बोलावलं. मी चांगलं बोललो. बाजारात भाजीवाल्या बायकांनी हाक मारून सांगितलं, "मास्टर, ऐकलं बरं का. सोडू नका त्यांना."

सोडणार नाहीच.

१६ मे

दुफीच्या मामांना भेटून आलो. आमच्यात मुलगी आईच्या घराण्याची, तेव्हा तिच्या मागे उभं राहायचं ते मामानं. बाकी तीन घराण्यांनी विद्यापीठाचं सांत्वन स्वीकारलं आहे. अडुपोकू मामा तेवढे अडून बसलेत. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, मान बैलासारखी. रोज धक्क्यावर जाऊन बसतात. मीही तिथंच गेलो.

मी सांत्वनाची वाक्यं म्हणायला लागलो, तर हात वर करून थांबवलं.

"मास्टर, ते सगळं मला पाठ आहे. मी पण लोकांना म्हणत आलोय. मला एकच सांग. जाकिटं होती की नव्हती?"

"होती. कोठीत."

"मग पोरांच्या अंगात का नव्हती?"

मी म्हणालो, कुलगुरूंनी तारीख दिली नाही म्हणून.

ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "तारीख. म्हणजे आमच्या पोरीला बुडायची तारीख मिळाली, जाकिटांना मिळाली नाही."

असं वाक्य मला सुचलं असतं तर मी रेडिओवर वापरलं असतं. घरी आल्यावर वाटलं, हा विचार बरा नव्हता. पण लिहायचं ठरवलंय तर तेही लिहितो.

२० मे

कुलसचिव असिबे ह्यांनी बोलावणं पाठवलं. फाटकापाशी थांबायला लागेल असं वाटलं होतं, पण शिपाई बाहेर उभा होता, छत्री घेऊन, पाऊस नसताना.

असिबे खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. पाणी दिलं. मी पाणी पिऊन होईपर्यंत कामाचा शब्द काढला नाही. हल्ली शिकलेल्या माणसांना हे कळत नाही. त्यांना कळतं.

"मास्टर, तुम्ही रेडिओवर आमची सालटी काढलीत. काढायलाच हवी होती. कुलगुरूंना मी म्हटलं, हा माणूस एकटा खरं बोलतोय."

मी पेला खाली ठेवला.

"आता मला सांगा, चौकशी म्हणजे काय? राजधानीतून तीन वकील येणार, हॉटेलात राहणार, इंग्रजीत प्रश्न विचारणार. त्या मामाला त्यातलं काय कळणार? आपली रीत काय आहे? चुकलेल्यानं समजुतीच्या दारूची बाटली घेऊन दारात जायचं आणि मान खाली घालायची."

"कुलगुरू मान खाली घालतील?"

"स्वतः येतील. खांद्यावरचं वस्त्र उतरवून. पण त्यांच्या वतीनं बोलायला जुनी भाषा येणारा मध्यस्थ लागेल, आणि ती भाषा ह्या गावात तुमच्याइतकी कुणाला येत नाही. आमच्या भाषा विभागातल्या प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले आम्ही फार तर त्यावर निबंध लिहू."

मला हसू आलं, ते मी आवरलं नाही.

मी उठताना ते सहज म्हणाले, "चौकशीत वकील सगळंच विचारतात हो. कोठीवाल्यालाही विचारतील, कुणी काय सांगितलं होतं. बिचारा घाबरट आहे. जे आठवेल ते बोलून टाकेल." आणि दारापर्यंत सोडायला आले. दारात आठवण झाल्यासारखं म्हणाले, "माझा मेहुणा होड्या पुरवतो विद्यापीठाला. एक नवी होडी रंगवायची आहे. दोन दिवसांत द्याल करून?" मी म्हटलं, दोन दिवसांत भिंत होते, होडी होत नाही. लाकूड घासायला लागतं, वाळू द्यायला लागतं. घाईचं काम मी घेत नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." माणूस समजूतदार आहे.

२२ मे

कुलगुरू स्वतः येणार. वस्त्र उतरवून. हे मी घडवून आणलं.

मान्साला सांगितलं तर ती म्हणाली, "मग चौकशीचं काय?" मी म्हटलं, मान झुकली की चौकशीची गरज काय उरते? ती उठून बाहेर गेली. तरुण मुलांना शिक्षा दिसल्याशिवाय न्याय झाला असं वाटत नाही.

२६ मे

आज बाटली दिली. नीट लिहून ठेवतो, कारण असं काम रोज होत नाही.

आम्ही सात जण होतो. अंगणात चपला काढल्या. कुलगुरूंना कुठला खांदा उघडा ठेवायचा ते मी गाडीत सांगितलं होतं, तरी त्यांनी उतरताना विचारलंच. मामा आणि घराण्यातली माणसं लाल-काळ्या कापडात बसली होती. पाणी फिरलं. मग त्यांच्या मध्यस्थानं येण्याचं वर्तमान विचारलं.

मी बोललो. सरोवर आधी नव्हतं, आधी रान होतं, रानाला वाट होती, तिथून सुरुवात केली. वाट बुडाली तरी वाटेवरचं माणूसपण बुडत नाही, इथवर आणलं. बायका रडायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं मध्येच "बोल बाळा, बोल" म्हणून साथ दिली. पन्नाशी उलटलेल्या मला कुणी भर सभेत बाळ म्हणालं, पण ते मानानं म्हणालं. कुलगुरूंचं नाव मी एकदाही दोषात घेतलं नाही. विद्यापीठ चुकलं, असं म्हणालो. तेच शब्द मला दिले होते.

मग बाटली पुढे केली. उजव्या हातानं, डावा हात पाठीशी.

मामांनी घेतली नाही. मध्यस्थाला बाजूला सारून ते थेट माझ्याशी बोलले. रीतीत हे बसत नाही, पण दुःखातल्या माणसाला तेवढी सूट असते.

"मास्टर, ही घेतली की मी पुन्हा तोंड उघडू शकत नाही. बरोबर?"

"रीत तीच आहे, नाना."

"तू पण नाही. तू आणलीस म्हणून."

"मी पण नाही."

"मग घ्यायच्या आधी विचारतो. उरलेली पोरं आता जाकिटांशिवाय पाण्यावर जाणार नाहीत ना?"

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी असिबेंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. आता, मध्यस्थाला स्वतःचा शब्द नसतो. जो दिला तेवढाच त्यानं पोचवायचा. ह्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी दिलेलं नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, "नाना, ज्या कोंबडीचं पिल्लू घारीनं नेलं, तिला उरलेल्यांवर पंख धरायला शिकवावं लागत नाही."

चांगलं उत्तर होतं. होही नाही, नाहीही नाही. लोकांनी माना हलवल्या. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तुझी पण पोरगी तिथंच आहे. तुझ्यावर विश्वास ठेवतो." बाटली घेतली. पहिले थेंब पितरांच्या नावानं जमिनीवर सांडले. प्रकरण मिटलं.

परतताना गाडीत कुलगुरू झोपले. असिबेंनी माझा हात दाबला.

३० मे

सेरवा गेले काही दिवस मला "कोंबडीवाले" म्हणते. बाजारात ते उत्तर पसरलंय. लोक कौतुकानं सांगतात, ती तसं सांगत नाही.

आज मान्सा घरी आली ती बातमी घेऊनच. दुसरी तुकडी सहा जूनला निघणार. जायलाच हवं, नाहीतर पदवी नाही.

"जाकिटं?" सेरवानं विचारलं.

"कोठीत. सोहळा पदवीदानाच्या दिवशी ठेवलाय. आता मंत्री पण येणार आहेत." मग माझ्याकडे वळून, "बाबा, जाकिटं तुमच्या संघाची आहेत. तुम्ही कोठीवाल्याला एक शब्द सांगा."

मी समजावलं. जाकिटं आत्ता काढली तर पहिला प्रश्न येतो, तेव्हा का नाही काढली. म्हणजे मिटलेलं पुन्हा उघडलं. आणि ते उघडणारा मी, ज्यानं बाटली नेली. आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही.

सेरवा म्हणाली, "मान्साचे बाबा, सात पिढ्यांत कुणी पोहायला पण शिकलं नाही."

मान्सा हसली. दुफी गेल्यापासून पहिल्यांदा हसली ती, आणि ते माझ्यावर.

३ जून

तरी गेलो. दोघींना सांगितलं नाही. असिबेंना म्हणालो, निदान दुसऱ्या तुकडीपुरती तरी, गाजावाजा न करता.

ते अजिबात चिडले नाहीत. "मास्टर, मला तर आवडेल. पण मामांना कळलं तर? म्हणतील, म्हणजे जाकिटं नसणं ही चूक होती, ती आता दुरुस्त करतायत. मग मी बाटली कशावर घेतली, असं विचारतील. तुमचीच जीभ खोटी ठरेल. माझं काय, मी कारकून माणूस."

मुद्दा बिनचूक होता. मला त्यात फट सापडली नाही. येताना वाटेत शोधत राहिलो.

सोहळ्याची पाटी मीच रंगवायची आहे. माझं नावही खाली येईल, म्हणाले. मी रंग कुठला हवा ते विचारून आलो.

कोठीवरून आलो. खिडकीतून गठ्ठे दिसतात. पिवळा रंग छान बसलाय.

५ जून

मान्सानं आज सामान बांधलं. सेरवानं तिला विचारलं, ताप आहे असं सांगू या का? मान्सा म्हणाली, "आई, बाकीच्या पोरांना पण ताप आणायचा का?"

मला झोप नीट लागत नाही. डासांमुळे असेल.

६ जून, धक्क्यावर

हे मासेवालीच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर बिघडलंय, बाक हलतो.

सकाळी आलो तेव्हा मुलं पाण्यापासून लांब, झाडाखाली एका घोळक्यात उभी होती. चढायला तयार नव्हती. आरडाओरडा नाही, घोषणा नाही, नुसती उभी. एक मुलगा असिबेंना म्हणाला, "सर, तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर. जागा करतो." असिबे म्हणाले त्यांची बैठक आहे. मुलं हसली, पण हलली नाहीत.

होडी नवी आहे. निळा रंग. ज्यानं कुणी रंगवली त्याला धंद्यातून काढायला हवं. खालची अक्षरं खरवडलेली नाहीत, तिरप्या उन्हात निळ्याखाली जुन्या नावाच्या कडा सरळ वाचता येतात. नाकाशी डाव्या बाजूला दोन फळ्या वेगळ्या लाकडाच्या आहेत. सुताराचं काम बरं आहे, पण नव्या होडीला ठिगळ कशाला लागतं ते कळलं नाही. विचारणार होतो. मग असिबेंनी मला बाजूला घेतलं.

"मास्टर, निघण्याआधी पाण्याला चार शब्द तुम्हीच बोला. आणि एक विनंती. तुमची मुलगी पहिली चढली तर बाकीचे चढतील. त्यांना माहीत आहे ती कुणाची."

अडुपोकू मामा त्यांच्या नेहमीच्या दगडावर बसले होते. ते उठून मुलांच्या जवळ आले आणि एकेका मुलाकडे बघत गेले, खांद्यांकडे, छातीकडे. मग माझ्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही. विचारता येत नाही त्यांना. बाटली घेतली आहे.

मी मान्साकडे गेलो. म्हटलं, तू पुढे हो.

ती म्हणाली, "बाबा, हे ते सांगतायत का तुम्ही?"

मध्यस्थाला स्वतःचा शब्द नसतो, हे वाक्य तोंडाशी आलं होतं. पण समोर मामा उभे होते, सगळी मुलं बघत होती, आणि माझ्या मुलीनं माझं ऐकलं नाही असं दिसलं असतं तर बाटलीच्या दिवशीचं माझं सगळं बोलणं खोटं पडलं असतं. मी म्हणालो, "मीच सांगतोय."

"बरं," ती म्हणाली. चपला काढून हातात घेतल्या, पाण्यात उतरली, आणि होडीत चढून अगदी पुढे, नाकाशी जाऊन बसली. त्या मुलानं "चला रे" म्हटलं. मग एकेक करून सगळे गेले. होडीची कड पाण्यापासून वीतभर वर राहिली. असिबेंचा मेहुणा म्हणाला, अजून दोन पोती मक्याची आहेत, आणि ती पण ठेवली.

मी पाण्याला चार शब्द बोललो. रानापासून सुरुवात केली. एकही शब्द चुकला नाही. बोलताना सगळा वेळ मला त्या दोन फळ्या दिसत होत्या आणि मी बोलत राहिलो, कारण प्रार्थना मध्ये तोडत नाहीत.

मान्सानं वळून पाहिलं नाही. असिबे बैठकीला गेले. मामा दगडावर परत बसले आहेत, माझ्याकडे पाठ करून.

पलीकडे पोचल्यावरच फोन लागतो. अजून आलेला नाही. सेरवाचा मात्र सारखा येतोय. ती विचारणार, चढली का, आणि कुणी चढवली. मी उचललेला नाही.

मासेवालीनं मघाशी पाल उतरवलं, चुलीवर पाणी ओतलं. म्हणाली, "मास्टर, उठा, पूर्वेकडून वादळ येतंय." मी म्हटलं, बसतो थोडा. पूर्वेकडे पाठ करून बसलोय. इथून पाणी शांत दिसतं.